साध्या सर्दीची अवघड नोंद

पावसाळा लागला की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या केसपेपरांवर तोच तो मजकूर येऊ लागतो : ताप, सर्दी, खोकला, तीन दिवस. त्याखाली 'यूआरआय' आणि मग औषधं. यूआरआय म्हणजे श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचा, नाक-घसा-स्वरयंत्र इथवरचा संसर्ग. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे होतो आणि आठवडा-दहा दिवसांत आपसूक बरा होतो. रुग्ण बरा झाला की त्या कागदाची कोणाला आठवणही राहत नाही. पण त्यावरून संगणकात चढलेली ओळ मात्र पुष्कळ लोकांच्या कामाला येते. साथ आली आहे का, अँटिबायोटिक विनाकारण दिलं गेलं का, विमा कंपनीने पैसे द्यायचे का, हे सगळे प्रश्न तिलाच विचारले जातात. या नोंदीचा, आणि ती ज्या कोडमध्ये बसवली जाते त्या पद्धतींचा हा आढावा आहे. माझं मत आधीच मांडून ठेवणं बरं. कोड कितीही बारीक पाडले तरी डॉक्टरने लिहिलं असेल तेवढंच ते सांगू शकतात. आणि 'नक्की कळलेलं नाही' असं लिहिण्याची मोकळीक ज्या व्यवस्थेत नसते, तिथल्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

मुळात हे निदानच अंधुक असतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेवर प्रकार. शिवाय अडिनोव्हायरस, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस आणि कोविडच्या आधीपासून माणसांत फिरणारे चार कोरोना विषाणू. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा आणि मोठ्यांना दोन-तीन वेळा सर्दी होणं यात वावगं काही नाही. त्यातला विषाणू नेमका कोणता हे बघायचं तर नाकातला किंवा घशातला स्वॅब पीसीआरला पाठवावा लागतो. त्याला औषधांपेक्षा जास्त पैसे पडतात आणि उत्तर आलं तरी उपचार क्वचितच बदलतात. म्हणून डॉक्टर चाचणी करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हे अंधुक निदान ज्या चौकटीत बसवायचं ती चौकट वेगळ्याच कामासाठी घडली. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, सुरुवात मृत्यूच्या कारणांपासून झाली. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ साली मांडलेली यादी मृत्यूंचीच होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली सहावी आवृत्ती हाती घेतली तेव्हा जीव न घेणारे आजारही यादीत आले. आज बहुतेक ठिकाणी चालते ती दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. तिच्यात जे०० म्हणजे साधी सर्दी, जे०१ सायनसचा दाह, जे०२ घशाचा, जे०३ टॉन्सिलचा, जे०४ स्वरयंत्राचा आणि श्वासनलिकेचा, जे०५ क्रूप आणि एपिग्लॉटायटिस. शेवटी जे०६ : एकाहून अधिक जागी असलेला किंवा जागा न सांगितलेला संसर्ग. फ्लू याच्या बाहेर आहे. विषाणू तपासून ठरला असेल तर जे१०, नसेल तर जे११.

ही विभागणी शरीरातल्या जागेप्रमाणे केलेली आहे. विषाणू कळलाच तर बी९७ गटातला आणखी एक कोड जोडायचा, उदाहरणार्थ आरएसव्हीसाठी बी९७.४. समोर बसलेल्या रुग्णाचं मात्र नाक वाहत असतं, घसा लाल असतो आणि आवाजही बसलेला असतो. तिथे जागा वेगळ्या काढण्यात अर्थ नसतो. मग सगळं जाऊन पडतं जे०६.९ मध्ये : 'वरच्या श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग, अनिर्दिष्ट'. कोडिंगच्या प्रशिक्षणात असे 'अनिर्दिष्ट' कोड टाळायला शिकवतात आणि ऑडिटमध्ये त्यांच्याकडे संशयाने बघतात. सर्दीच्या बाबतीत मला हा संशय अन्यायाचा वाटतो. डॉक्टरला जेवढं ठाऊक आहे तेवढंच जे०६.९ सांगतो. त्याजागी अधिक नेमका दिसणारा कोड केवळ ऑडिटसाठी टाकला तर नोंद खोटी होते.

नेमकेपणाची खरी गरज घसादुखीत असते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा धरला असेल तर जे०२.०, कारण ठरलं नसेल तर जे०२.९. या दोन कोडमध्ये एका दशांश आकड्याचा फरक आहे, पण पहिल्यात अँटिबायोटिक लागतं आणि बाकीच्या बहुतेक घसादुखीत लागत नाही. या जिवाणूच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे इथे चुकून चालत नाही. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ साली त्यासाठी चार खुणा सुचवल्या : ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव. यातली चौथी खूण नोंदीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. 'खोकला नाही' हे कागदावर आलं नाही तर तो विचारून नव्हता की विचारलाच नव्हता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. नकार लिहून ठेवण्याची सवय आपल्या ओपीडीत सर्वांत दुर्मीळ आहे.

कोडिंगचा सर्वांत मोठा पसारा अमेरिकेत आहे, कारण तिथे कोडवर पैसे मिळतात. दहाव्या आवृत्तीचं अमेरिकन रूप तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीचं झालं. त्याच्या नियमांत एक भेद फार विचारपूर्वक केलेला आहे. ओपीडीतल्या रुग्णाच्या नोंदीत 'बहुधा', 'संशयित', 'शक्यता' असे शब्द असतील तर तो आजार कोड करायचा नाही. जेवढं नक्की आहे तेवढंच, म्हणजे गरज पडल्यास नुसता ताप किंवा नुसता खोकला कोड करायचा. दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडताना मात्र 'बहुधा न्यूमोनिया' असं लिहिलेलं असेल तर तो न्यूमोनिया म्हणूनच कोड होतो. त्यालाही अपवाद आहेत : कोविड आणि ठरावीक इन्फ्लुएन्झा खात्री असल्याशिवाय कोड होत नाहीत. दुसरा नियम असा की आजारातच येणारी लक्षणं वेगळी मोजायची नाहीत. जे०६.९ लिहिलं की खोकल्याचा कोड वेगळा लावायचा नाही. आणि एकच विकार वर-खाली अनेक जागी असून त्या जोडीला स्वतःचा कोड नसेल, तर तो खालच्या जागेचा धरायचा.

पैशाचं गणित याहून नाजूक आहे. १ जानेवारी २०२१ पासून तिथे ओपीडी भेटीची पातळी ठरवण्याची पद्धत बदलली. इतिहासाचे किती मुद्दे लिहिले आणि तपासणीत किती अवयव पाहिले याची मोजदाद थांबली. पातळी आता डॉक्टरने निर्णय घेताना किती गुंतागुंत हाताळली यावर किंवा त्या दिवशी रुग्णासाठी दिलेल्या एकूण वेळेवर ठरते. साधी सर्दी सहसा ९९२१३ या कोडच्या पातळीवर राहते. तिच्यावरचा ९९२१४ मिळण्याचा एक मार्ग म्हणजे 'सर्वांगीण लक्षणं असलेला तीव्र आजार' आणि सोबत डॉक्टरी चिठ्ठीवरचं औषध. ताप आणि अंगदुखी तर प्रत्येक व्हायरलमध्ये असते, तेव्हा हा मोह कोणालाही पडेल. नियम करणाऱ्यांनी तो ओळखून व्याख्येतच लिहून ठेवलं की किरकोळ आजारातला ताप, अंगदुखी आणि थकवा या सदरात धरायचा नाही. तरीही एक काटा राहिलाच. चिठ्ठीवर औषध लिहिलं की जोखमीचा रकाना वर चढतो. औषधाची गरज नाही हे रुग्णाला शांतपणे समजावून सांगितलं तर तो चढत नाही. त्या समजावण्याला मोल मिळायचं तर त्याला लागलेला वेळ नोंदवावा लागतो.

हे अमेरिकन केसपेपर, तिथल्या भाषेत चार्ट, वाचून कोड लावणाऱ्यांत भारतीय तरुणांची संख्या मोठी आहे. चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू यांच्याबरोबर पुणे आणि नवी मुंबईतही हे काम चालतं. जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकलेली मुलंमुली कोडिंगची सीपीसीसारखी परीक्षा देऊन त्यात शिरतात. रोजचं उत्पादनाचं टार्गेट आणि ९५ टक्के अचूकता अशा दुहेरी कसोटीवर त्यांचं काम मोजलं जातं. डॉक्टरने 'व्हायरल' असं लिहून सोडून दिलं असेल तर यांना आपल्या अकलेने त्यात भर घालता येत नाही. फार तर डॉक्टरला लेखी विचारणा, म्हणजे क्वेरी, टाकता येते, आणि तीही उत्तर सुचवणारी असता कामा नये. 'हा न्यूमोनिया आहे ना?' असं विचारणं नियमात बसत नाही. 'छातीच्या फोटोतल्या निष्कर्षाचं निदान स्पष्ट करावं' असं विचारता येतं. वैद्यकीय नोंदीतला प्रामाणिकपणा म्हणजे काय हे या मुलांना चांगलं कळतं. आपल्या गावच्या दवाखान्यात त्यांच्या या समजेचा उपयोग कोणी करून घेत नाही, याची मला खंत वाटते.

कोड आणि अँटिबायोटिक यांचं नातं हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. अमेरिकेत आरोग्य योजनांची गुणवत्ता मोजणाऱ्या निकषांपैकी एक थेट सर्दीवर बेतलेला आहे. जे००, जे०६.० किंवा जे०६.९ हे निदान पडल्यावर तीन दिवसांत अँटिबायोटिक घेतलं गेलं नाही, अशा भेटींचं प्रमाण त्यात बघतात. निकष चांगला आहे, पण त्यात एक पळवाट आहे. औषध द्यायचंच असेल तर निदान सायनसचा दाह असं लिहिलं की ती भेट मोजणीतून सुटते. म्हणून निकषाचा आकडा सुधारला तरी त्याच काळात शेजारचे कोड फुगले का, हे बघणं भाग असतं. २०१९ साली 'बीएमजे'त आलेल्या एका अमेरिकन अभ्यासाने ९१,७३८ कोड एकेक करून तपासले आणि कशात अँटिबायोटिक योग्य, कशात कदाचित योग्य, कशात अयोग्य ते ठरवलं. मग २०१६ सालातल्या खासगी विमाधारकांनी घेतलेल्या दीड कोटीहून अधिक अँटिबायोटिकना ती फूटपट्टी लावली. २३.२ टक्के अयोग्य निघाले. मला त्याहून धक्कादायक वाटला तो दुसरा आकडा : २८.५ टक्के औषधांच्या आधी अलीकडचं कुठलंच निदान नोंदलेलं नव्हतं. ती योग्य होती की अयोग्य, हे विचारायलाही जागा उरत नाही.

जिथे कोडवर पैसे अवलंबून आहेत तिथली ही स्थिती आहे. आपल्याकडे ओपीडीचा खर्च बहुतेक लोक खिशातून करतात, त्यामुळे सर्दीला कोड लावण्याची वेळच येत नाही. विम्याच्या दाव्याच्या अर्जात हॉस्पिटलने भरायच्या भागात आयसीडी-१०चे रकाने आहेत, पण ते दाखल रुग्णांसाठी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीही तीन वर्षं जपायला सांगितल्या त्या आंतररुग्णांच्या नोंदी. ओपीडीचा केसपेपर बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्याच पिशवीत घरी जातो आणि पुढच्या खेपेला हरवलेला असतो.

आणि याच देशात २०१९ सालात खासगी क्षेत्रात ५०० कोटींहून अधिक मात्रा अँटिबायोटिक खपली. त्यात पहिला क्रमांक अॅझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅम गोळीचा होता. सर्दी-खोकल्याला 'तीन दिवसांचा कोर्स' म्हणून घरोघर ओळखली जाणारी ती हीच. ती कोणत्या आजारासाठी दिली गेली, याचं उत्तर विक्रीच्या आकड्यांत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ प्रमाणे मेडिकलवाल्याला त्यातल्या औषधांची वेगळी वही ठेवावी लागते. तीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे येतं. निदानाचा रकाना त्या वहीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना आवाहन केलं की प्रतिजैविक लिहिताना त्याचं नेमकं कारणही चिठ्ठीवर लिहावं. या सगळ्या चर्चेतली ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी सूचना आहे. तिला ना संगणक लागतो ना कोडर. 'अॅझिथ्रो : का?' एवढा प्रश्न स्वतःला विचारून त्याचं उत्तर चार शब्दांत लिहायचं. काही वेळा ते उत्तर सापडत नाही आणि पेन थांबतं, हाच त्या सूचनेचा फायदा.

साथीच्या देखरेखीचं काम आपल्याकडे वेगळ्या वाटेने चालतं. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तीन फॉर्म आहेत. 'एस' आरोग्यसेविका लक्षणांवरून भरते : खोकला, तापासह किंवा तापाविना, थोड्या दिवसांचा की लांबलेला. 'पी' डॉक्टर अंदाजित निदानावरून भरतात आणि 'एल' प्रयोगशाळा. २०२१ पासून हे सगळं इंटरनेटवरच्या एका मंचावर आलं. मला ही रचना आवडते, कारण कोणाला काय ठाऊक असू शकतं याचा तिला आदर आहे. आरोग्यसेविकेकडून निदानाची अपेक्षा नाही आणि डॉक्टरकडून विषाणूच्या नावाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 'फ्लूसदृश आजारा'ची व्याख्याही अशीच आहे : मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक, खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. 'मोजलेला' या शब्दावर सगळं अडतं. केसपेपरवर नुसतं 'ताप' असेल तर ती व्यक्ती या व्याख्येत बसते की नाही, हे ठरत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मेटान्यूमोव्हायरसची बातमी पसरली आणि पुन्हा मास्क लावावे लागणार का, असं लोक विचारू लागले. हा विषाणू २००१ सालीच ओळखला गेला होता. आपल्याकडे तो वाढलाय का, याचं उत्तर विषाणूच्या चाचण्यांतून मिळण्यासारखं नव्हतं, कारण त्या मोजक्याच होतात. फ्लूसदृश आजार आणि तीव्र श्वसनसंसर्गाने दाखल होणारे रुग्ण यांच्या चालू आकडेवारीकडे बोट दाखवून आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की नेहमीपेक्षा वेगळी वाढ नाही. असं ठामपणे सांगता आलं ते कुठेतरी कोणीतरी सर्दी-खोकल्याची नोंद नेमाने भरत होतं म्हणून. खासगी दवाखान्यांतून या यंत्रणेकडे फारच कमी माहिती येते, आणि शहरातला सर्दीचा रुग्ण आधी तिथेच जातो. ही उणीव मोठी आहे.

पुण्याने २००९ साली नोंदीचं मोल वेगळ्या प्रकारे पाहिलं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला आणि तपासणीसाठी रांगा लागल्या. तेव्हा केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेला 'अ' : चाचणी नाही, विषाणूवरची गोळी नाही, घरी थांबा, एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. जोखमीचे किंवा जास्त ताप असलेले 'ब'. धाप, छातीत दुखणं, गुंगी, नखं निळी पडणं असं काही असेल तर 'क' : दाखल करा, तपासा. विषाणू कोणता हे ठाऊक नसतानाही रुग्णाचं पुढे काय करायचं हे त्या एका अक्षरावरून कळत होतं.

लहान मुलांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनासाठी असलेल्या आयएमएनसीआय कार्यक्रमात तेच तत्त्व आणखी शिस्तीने आलं आहे. पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या मुलात ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त असतील तर श्वास जलद. छाती आत ओढली जाते का ते पाहायचं. दोन्ही नसेल आणि दुसरं धोक्याचं लक्षणही नसेल तर वर्गीकरण 'न्यूमोनिया नाही : खोकला किंवा सर्दी', तक्त्यात हिरव्या रंगात. आयसीडीच्या भाषेत हे कदाचित जे०६.९ च होईल, पण हिरव्या रकान्यातल्या त्या ओळीमागे मोजलेला आकडा आहे आणि पाहून लिहिलेला नकार आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून भरलेली अशी नोंद शहरातल्या वातानुकूलित दवाखान्याच्या 'व्हायरल, ५ दिवस औषध' यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची असते.

आजाराच्या पहिल्या भेटीत अनिश्चितता असणारच, हे ध्यानात घेऊन घडवलेली एक वर्गीकरण पद्धतही आहे : १९८७ साली प्रसिद्ध झालेली आयसीपीसी. कुटुंबवैद्यांच्या जागतिक संघटनेने ती केली आणि नेदरलँड्स, नॉर्वेसारख्या देशांत ती रुजली. तीत रुग्ण कशासाठी आला हे त्याच्या बाजूने आधी नोंदवतात, मग डॉक्टरचं मत. खोकला आर०५, वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग आर७४. रुग्ण खोकला घेऊन आला आणि नोंदीतही खोकला एवढंच लिहिलं गेलं, तरी तिथे त्यात कमीपणा नाही. आपल्या ओपीडीला आयसीडीपेक्षा हे वर्गीकरण जवळचं आहे असं मला वाटतं.

भारताने मात्र वेगळा रस्ता धरला आहे. २०१६ साली सुधारलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत आयसीडी-१०बरोबर स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची विस्तृत पद्धत आहे. भारत २०१४ पासून तिचा सदस्य आहे आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. डॉक्टरने नेहमीचे शब्द लिहावेत आणि कोड मागे आपोआप लागावा, ही तिची कल्पना चांगली आहे. अकरावी आयसीडी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात साधी सर्दी सीए०० आहे आणि विषाणूचा कोड त्याच साखळीत जोडता येतो. २०२४ च्या जानेवारीत तिच्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांचं प्रकरण आलं. महाराष्ट्रात गावोगावच्या खासगी दवाखान्यांत बीएएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा बदल इथे कागदापुरता राहू नये. अनिश्चिततेसाठी कोड ठेवण्याचं धैर्य आयसीडीतही कोविडच्या वेळी दिसलं होतं. चाचणीने सिद्ध झालेल्या कोविडला यू०७.१ आणि लक्षणांवरून ठरवलेल्याला यू०७.२. आयसीएमआरच्या बंगळुरूच्या केंद्राने २०२० साली मृत्यूच्या नोंदीसाठी या दोन्ही कोडचं मार्गदर्शन केलं. अमेरिकेने यू०७.२ स्वीकारलाच नाही.

संगणक आल्याने नोंद सुधारेलच असं नाही. तयार साचा उघडला की 'छाती स्वच्छ, घसा सामान्य' आधीच भरलेलं असतं आणि घसा धरून आलेल्या रुग्णाच्या नावावर तेच छापलं जातं. मागच्या भेटीची नोंद उचलून नव्या तारखेला चिकटवली जाते. अशी नोंद कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण न केलेली तपासणी केली असं ती सांगते.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णामागे फार वेळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण आपल्या दवाखान्यांत रबरी शिक्क्याची जुनी सोय आहे. वजन, रक्तदाब यांचे रकाने असलेले शिक्के केसपेपरवर मारले जातात आणि कंपाउंडर किंवा सिस्टर ते भरतात. पावसाळ्याआधी एक शिक्का सर्दी-खोकल्यासाठी करून घ्यावा. त्यात दिवस किती, मोजलेला ताप, मिनिटाला श्वास, ऑक्सिजन, धाप आहे की नाही, छाती ऐकली की नाही, आणि कधी परत यायला सांगितलं, एवढे रकाने पुरेत. हे बहुतेक डॉक्टरने पेन उचलण्याआधीच भरलेलं असेल. शेवटची ओळ फक्त डॉक्टरने भरायची : अँटिबायोटिक दिलं असेल तर कशासाठी.